लिटल हवाना: खिडकीपाशी उभं राहून बघायची वस्ती

मायामीच्या लिटल हवानात, म्हणजे क्युबातून आलेल्यांच्या वस्तीत, मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवसाला ४० डॉलर असा हिशेब ठरवून गेले होते. त्यातले २६ पहिल्या तासातच उडाले. मुख्य रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटने फुटपाथवर टेबलं मांडली होती, तिथे बसले. वेटरने सुचवलं ते मागवलं आणि बिलात १८ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलाय हे न वाचता वर टिपही ठेवून आले. बाहेर पडून पन्नासेक पावलं गेले असेन, तर एका दुकानाच्या भिंतीतल्या खिडकीपुढे सात-आठ माणसं कोपर टेकून उभी होती. हातात कॉफीचे बोटभर कप, आवाज टिपेला. मला वाटलं भांडण जुंपलंय. बेसबॉलवर बोलत होते. प्रत्येकाचा खर्च फार तर अर्धा-पाऊण डॉलर.

त्यानंतर तीनदा गेले, टेबलावर एकदाही बसले नाही आणि वस्ती पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त बघून झाली. मी तेव्हा ऑर्लँडोला शिकत होते, पैसे बेताचे होते. खाली लिहिलंय ते अमेरिकेत शिकायला आलेल्या पोरांना, मुलीकडे सहा महिने आलेल्या आई-बाबांना, सुट्टीत पाठपिशवी अडकवून निघालेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

पायरी १: निघण्याआधी थोडी माहिती, आणि टी-शर्टाची तपासणी

या भागाला लिटल हवाना हे नाव नंतर पडलं. आधी रिव्हरसाइड आणि शेनांडोआ अशा दोन वस्त्या होत्या, ज्यू कुटुंबं बरीच राहायची. १९५९ मध्ये क्युबात फिडेल कॅस्ट्रो आणि चे गेव्हारा यांची क्रांती झाली आणि लोक मायामीला येऊ लागले. भाडं परवडणारं, डाउनटाउन चालत जाण्यासारखं, म्हणून ते इथे टेकले. १९६० ते १९६२ या काळात १४,००० च्या आसपास मुलं आई-बापांशिवाय विमानाने पाठवली गेली. १९६५ ते १९७३ सरकारी विमानांच्या फेऱ्या चालल्या, १९८० मध्ये मारिएल बंदरातून काही महिन्यांतच सव्वा लाख माणसं बोटींनी आली. यातल्या बहुतेकांना वाटत होतं, वर्ष-दोन वर्षांत परत जाऊ. ते परत जाणं झालं नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक पुतळ्यामागे, प्रत्येक दुकानाच्या नावामागे ही गोष्ट आहे, तेवढी डोक्यात ठेवून गेलात तरी पुरे.

आणि म्हणूनच टी-शर्ट. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर घेतलेला चे गेव्हाराचा टी-शर्ट मी बॅगेत भरला होता, आणि नेमका तोच घालून निघाले होते. हॉस्टेलमधल्या होंडुरासच्या मुलीने दारातच अडवलं: 'हा घालून तिकडे जाणार?' मी बाथरूममध्ये जाऊन तो उलटा घातला. दिवसभर मानेवर लेबल आणि दोन्ही खांद्यांवर शिवण घेऊन हिंडले. कॉफीच्या खिडकीतल्या बाईंनी लेबलाकडे बोट करून खुणेने सांगितलं, बाळ, उलटा घातलायस. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आपल्याकडे कॅस्ट्रोबद्दल जिव्हाळा असणारी पिढी आहे. १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांनी इंदिरा गांधींना मिठी मारली, तो फोटो अनेकांना आठवत असेल. लिटल हवानात तो किस्सा सांगू नका. इथल्या एखाद्या आजोबांचं घर गेलेलं असतं, एखाद्याचा भाऊ तुरुंगात गेलेला असतो. तुमचं मत काहीही असो, कॉफी त्यांच्या खिडकीवर प्यायची आहे.

पायरी २: पत्ता वाचायला शिका

ही पायरी चुकवलीत तर ४० मिनिटं उन्हात चालाल. मी चालले.

मायामीत 'स्ट्रीट' पूर्व-पश्चिम जातात आणि 'ॲव्हेन्यू' उत्तर-दक्षिण. फ्लॅगलर स्ट्रीट शहराचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करतो, मायामी ॲव्हेन्यू पूर्व-पश्चिम असे. म्हणून ८ नंबरचा रस्ता एकच नाही, नॉर्थवेस्टमध्ये वेगळा, साउथवेस्टमध्ये वेगळा. आपल्याला हवा तो साउथवेस्ट ८ स्ट्रीट. स्पॅनिशमध्ये काये ओचो, म्हणजे सरळ 'आठ नंबर रस्ता'. मी फोनमध्ये नुसतं आठ नंबर टाकलं आणि भलतीकडे, नॉर्थवेस्टात, गोदामांमधून हिंडत बसले.

एकदा हे कळलं की पत्ते आपोआप उलगडतात. काये ओचोवरचा १५०८ नंबर म्हणजे १५ आणि १६ ॲव्हेन्यूच्या मधे. ३५५५ म्हणजे ३५ च्या पुढे. साधारण १० ॲव्हेन्यू म्हणजे एक मैल, दीड किलोमीटरहून थोडं जास्त. नकाशा न उघडता अंतर सांगता येतं. बघण्यासारखं बरंचसं १० ते १७ ॲव्हेन्यूच्या टप्प्यात आहे, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं चालणं.

पायरी ३: पोचायचं कसं

विमानतळावरून टॅक्सीच्या नादी लागू नका. टर्मिनलमधून एमआयए मूव्हर ही छोटी गाडी फुकट स्टेशनपर्यंत सोडते, तिथून मेट्रोरेलची ऑरेंज लाइन पकडून ब्रिकेल स्टेशन. मी गेले तेव्हा तिकीट २.२५ डॉलर होतं. ब्रिकेलहून ८ नंबरची बस. फोन किंवा कार्ड मशीनला टेकवून पैसे दिलेत तर रेल्वेवरून बसमध्ये बदलायला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि दिवसभरात ठरावीक रकमेच्या (मी गेले तेव्हा ५.६५ डॉलर) वर कापलेही जात नाहीत. रोख दिलेत तर सुटे मोजून द्यावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत आणि बदलीची सवलतही जाते.

लक्षात ठेवायची गोम अशी: २७ ॲव्हेन्यूच्या पूर्वेला काये ओचो एकेरी आहे, सगळी वाहनं डाउनटाउनकडे जातात. त्यामुळे ब्रिकेलकडून येणारी बस सातव्या रस्त्याने जाते. उतरलात की दक्षिणेला एक चौक चाला. तिथे थांबून 'ही वस्ती तर काहीच रंगीत नाही' म्हणून हिरमुसू नका.

शहराची ट्रॉली फुकट आहे. जुन्या ट्रामसारखी सजवलेली बसच ती. लिटल हवानाची फेरी आहे, पण वेळेचा भरवसा धरू नका. आली तर बसा, नाही तर चाला. डाउनटाउनमध्ये मेट्रोमूव्हरही फुकट.

पायरी ४: राहायचं कुठे

लिटल हवानातच राहायचा हट्ट करू नका. डॉर्मिटरीवाली हॉस्टेलं मुख्यतः मायामी बीचकडे आहेत आणि तिथून बसने डाउनटाउन गाठता येतं. डिसेंबर ते एप्रिल दर चढलेले असतात, मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांच्या सुट्ट्यांमुळे तर विचारूच नका. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. दर उतरतात, दुपारी हमखास सर पडते आणि हवा रत्नागिरीच्या मे महिन्यासारखी अंगाला चिकटते. मला ते चालतं. घामाची सवय असलेल्या माणसासाठी सप्टेंबर वाईट नाही, फक्त वादळाच्या बातम्या रोज बघायच्या आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करायचं.

पायरी ५: खिडकी

आता मुख्य धडा. त्या खिडकीला म्हणतात वेंतानिता. दुकानाच्या किंवा हॉटेलच्या भिंतीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी, खाली हातभर रुंद कट्टा, आत एस्प्रेसोचं मशीन आणि एक बाई. खुर्ची नाही. व्हर्साय रेस्टॉरंटचे संस्थापक फेलिपे वाल्स यांना मायामीतल्या या पद्धतीचं श्रेय दिलं जातं. आज मायामीचं निम्मं राजकारण या कट्ट्यांवर चघळलं जातं म्हणायला हरकत नाही.

काय मागायचं ते आधी ठरवून जा, खिडकीपुढे रांग अशी नसते, घोळका असतो आणि बाई थांबत नाहीत.

काफेसितो म्हणजे एकट्याची छोटी, कडक, गोड कॉफी. कोर्तादितो म्हणजे त्यात थोडं दूध. काफे कोन लेचे म्हणजे भरपूर दूध, सकाळची न्याहारी. आणि कोलादा. आपल्याला मागायची आहे ती कोलादा.

कोलादा म्हणजे चार-पाच काफेसितो एकाच पांढऱ्या थर्माकोलच्या ग्लासात, झाकण लावून, आणि त्यावर उपडे ठेवलेले चार-पाच प्लॅस्टिकचे कप. कप कसले, औषधाच्या बाटलीचं टोपण असतं ना, त्याच्याहून जरा मोठे. ही एकट्याने प्यायची नसते. ऑफिसातला कुणीतरी खाली येतो, कोलादा घेतो, वर जाऊन सगळ्यांना ओततो. आपल्या कटिंगचंच गणित. दोन-तीन डॉलरची एक कोलादा, चौघांत वाटली की झालं. मी पहिल्यांदा अज्ञानाने अख्खी एकटीने प्यायले. दुपारी तीनला. रात्री दोनला हॉस्टेलच्या छताचे ठिपके मोजत होते.

करताना बघायला मिळालं तर सोडू नका. मशीनमधून पहिले जे काळेकुट्ट थेंब पडतात ते बाई स्टीलच्या छोट्या जगमध्ये साखरेवर घेतात आणि चमच्याने फेटायला लागतात. खळखळ आवाज होतो, काळं मिश्रण तांबूस होतं, मग बदामी, मग जवळजवळ पांढरट. त्यावर उरलेली कॉफी ओतली की तो फेस वर येतो. एस्पुमिता म्हणतात त्याला. पाहुणे आले की आपल्याकडे कपात कॉफी पावडर आणि साखर घेऊन मनगट दुखेपर्यंत फेटायचे ना, तोच खटाटोप, फक्त इथे दिवसातून पाचशेदा.

मायामीचा टेलिफोन कोड ३०५. त्यावरून दुपारी ३ वाजून ५ मिनिटं ही शहराची कॉफीची वेळ ठरली, २०१३ मध्ये महापौरांनी तसं जाहीरही केलं. त्या वेळेला कोलादा घेऊन कट्ट्यावर उभे राहा आणि शेजारच्याला एक कप ओतून द्या. दर वेळी नाही, पण माझ्याशी दोनदा असं झालं की त्या कपानंतर अर्धा तास गप्पा झाल्या, त्याचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश सारखंच मोडकं असताना.

बाई तुम्हाला 'मी आमोर' म्हणतील, म्हणजे माझ्या लाडक्या. गैरसमज नको, पुढच्या पोलिसालाही तेच म्हणतात. कट्ट्यावर सुटे नाणे किंवा एखादा डॉलर ठेवायचा, बस. काही खिडक्यांशेजारी गार पाण्याचा पिंपही असतो.

पायरी ६: पोट भरायचं, आणि शाकाहाऱ्यांनी जपायचं

खिडकीवर कॉफीसोबत मिळतं ते: क्रोकेता (बहुतेक हॅमचा, बोटाएवढा कटलेट), पास्तेलितो (पापुद्र्यांची पेस्ट्री, आत पेरूचा मुरंबा किंवा पेरू आणि चीज), एम्पानादा (सारण भरलेली करंजीसारखी). एक नग दीड-तीन डॉलरच्या आसपास. पेरूचा पास्तेलितो गरम असताना घ्या. वरचे पापुद्रे शर्टावर सांडणार, त्याला इलाज नाही.

क्युबन सँडविच म्हणजे हॅम, भाजलेलं डुक्कर, स्विस चीज, काकडीचं लोणचं, मोहरी, आणि सगळं इस्त्रीसारख्या तव्याखाली दाबलेलं. दहा-तेरा डॉलर पडतात पण एकात दोघांचं भागतं. फ्रिता म्हणजे क्युबन बर्गर, त्यावर सळीसारखे बारीक तळलेले बटाटे घालतात. १८ ॲव्हेन्यूजवळचं एल रे दे लास फ्रितास त्यासाठी जुनं. गोमांस असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ठरवा.

आता शाकाहारी मंडळी. 'कार्ने नको' एवढं सांगून भागत नाही. क्युबन बोलण्यात कार्ने म्हटलं की बरेचदा गोमांसच मनात येतं, हॅम त्यात धरत नाहीत. मी कार्ने नको म्हणाले तर समोर हॅमचे तुकडे घातलेला काळा घेवडा आला, आणि देणाऱ्याचा चेहरा अगदी प्रामाणिक. म्हणून नावं घेऊन सांगा: 'सिन हामोन, सिन पुएर्को, सिन पोयो', म्हणजे हॅम नको, डुक्कर नको, कोंबडी नको. शिवाय एक गोष्ट कुणी सांगत नाही: क्युबन पाव पारंपरिक रीतीने डुकराच्या चरबीत करतात. चरबीला शब्द मांतेका. पास्तेलितोच्या पापुद्र्यातही ती असू शकते. कडक शाकाहारी असाल तर विचारा, 'तिएने मांतेका?'

मग खायचं काय? पुष्कळ. मादुरोस म्हणजे पिकल्या राजेळीसारख्या केळ्याचे तळलेले काप, तोस्तोनेस म्हणजे कच्ची केळी तळून, ठेचून, पुन्हा तळलेली. युका कोन मोहो म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद उकडून, वर लसूण आणि आंबट संत्र्याची फोडणीसारखी चटणी. उपासाला चालेल म्हणावं तर लसूण आडवा येतो. मालांगा हा अळकुड्यांच्या घरातला कंद. सोबत पांढरा भात, आणि घेवड्याबद्दल खात्री झाली तर घेवडा. तोर्तिया मागितलीत तर पोळी येणार नाही, ऑम्लेट येईल.

फळांच्या दुकानात ग्वारापो मिळतो. उसाचा रस! आलं नाही, लिंबू मागितलं तर. मी सांगलीची, त्यामुळे प्यायल्यावर माझं मत राखून ठेवते. मामेय नावाचं फळ चिकूच्या भावकीतलं, आतून शेंदरी, त्याचा दूध घालून केलेला बातिदो म्हणजे एक वेळचं जेवणच. आणि फार महत्त्वाचं: पपई हवी असेल तर पपई म्हणू नका. क्युबन बोलीत 'पापाया' हा शब्द बायकांच्या अवयवासाठी वापरतात, फळाला म्हणायचं 'फ्रुता बोंबा'. मी बोट दाखवून मोठ्याने पपई म्हणाले होते. दुकानदार सभ्य होता, मागे उभी असलेली पोरं नव्हती.

तसे आपले काही शब्द इथे कामालाही येतात. पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेला 'पाव' स्पॅनिशमध्ये 'पान' आहे, 'साबण' हा 'हाबोन', आणि 'पगार' तर जसाच्या तसा: स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. 'पागार?' म्हणून खिशाला हात लावा, बिल येतं.

सगळ्यात स्वस्त भरपेट जेवण मात्र क्युबन नाही. गेल्या काही दशकांत बरीच क्युबन कुटुंबं हायलिया आणि पश्चिमेकडच्या उपनगरांत गेली आणि इथे निकाराग्वा, होंडुरास, ग्वातेमालाची माणसं आली. निकाराग्वाच्या खाणावळीला फ्रितांगा म्हणतात. काचेमागे गरम ट्रे, बोट दाखवायचं, डबा भरून मिळतो: गाय्यो पिंतो (भात आणि लाल घेवडा), तळलेलं चीज, केळी, कोबीची कोशिंबीर. चीज-भात-केळी घेतलंत तर शाकाहारी जेवण झालं. एक डबा मला दोन वेळा पुरला.

पायरी ७: चालत बघायचं ते

सकाळी नऊ-दहाला १० ॲव्हेन्यूपासून सुरू करून पश्चिमेकडे चाला.

१०७१ नंबरला एल तितान दे ब्रोन्से हा सिगारचा छोटा कारखाना. माणसं लाकडी फळीवर पानं वळत बसलेली असतात, बघायला पैसे पडत नाहीत, दारात विचारून आत जा. १९६२ पासून अमेरिकेचे क्युबावर व्यापारनिर्बंध आहेत, त्यामुळे इथे विकली जाणारी सिगार क्युबातली नसते, तंबाखू निकाराग्वा, डोमिनिकन रिपब्लिक, एक्वादोर अशा देशांतला. रस्त्यावर कुणी 'अस्सल क्युबन' म्हणून पेटी पुढे केली तर पुढे चला. तंबाखू आणि दारू दोन्हींना वय २१ पूर्ण लागतं.

१३ ॲव्हेन्यूवर वळा. मधोमध झाडांची रांग असलेला हा रस्ता म्हणजे क्युबन मेमोरियल बूलेवार्ड. तोंडाशीच षटकोनी स्तंभ आणि वर जळती ज्योत. एप्रिल १९६१ मध्ये कॅस्ट्रोविरुद्ध लढायला क्युबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जला उतरलेल्या २५०६ ब्रिगेडमधल्या मृतांचं स्मारक. अमेरिकेने तयार केलेली ही क्युबन निर्वासितांची १,४०० माणसांची तुकडी तीन दिवसांत हरली. पर्यटक फोटो काढून लगेच वळतात. तुम्ही आत चालत राहा. पुढे प्रचंड झाड लागेल, मुळं भिंतीसारखी उभी. हे सेइबा. आपल्याकडे पांढरी सावर म्हणतात तेच झाड.

मी गेले तेव्हा मुळांच्या बेचक्यात अर्धं कापलेलं नारळ, सात नाणी, लाल कापडाची पुरचुंडी आणि विझलेली मेणबत्ती होती. सांतेरिया या आफ्रो-क्युबन धर्मात हे झाड पवित्र. हवानात दरवर्षी १६ नोव्हेंबरला शहराच्या वर्धापनदिनी लोक सेइबाला तीन फेऱ्या घालतात, मनात इच्छा धरून. वटपौर्णिमा पाहिलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. ठेवलेल्या वस्तूंना हात लावू नका, ओलांडू नका. जवळपास बोतानिका म्हणून दुकानं दिसतील, जडीबुटी, मेणबत्त्या, देवतांच्या मूर्ती. आत फोटो काढण्याआधी विचारा.

परत काये ओचोवर या. १५ ॲव्हेन्यूचा कोपरा हे वस्तीचं नाक. डॉमिनो पार्क, खरं नाव मॅक्सिमो गोमेस पार्क. इथे खेळायला ५५ पूर्ण लागतात आणि नोंदणी लागते, बघायला काही नाही. आपल्याला माहीत असलेला डॉमिनो २८ सोंगट्यांचा, सहापर्यंतचा. इथला ५५ सोंगट्यांचा, नऊपर्यंतचा. चौघे बसतात, प्रत्येकी दहा उचलतात, पंधरा तशाच पालथ्या राहतात, त्यामुळे कुणाकडे काय आहे हे शेवटपर्यंत नक्की कळत नाही. सोंगट्या पिसण्याला ते म्हणतात 'पाणी देणं'. दोन्ही तळवे टेबलावर गोल फिरतात, पंचावन्न सोंगट्या एकमेकींवर घासतात आणि पन्हाळीच्या पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. एक आजोबा सोंगटी ठेवत नसत, आपटत. समोरचे गडी दर वेळी दचकल्यासारखं करत आणि आजोबा दर वेळी खूश होत. खेळणाऱ्याच्या खांद्यामागून डोकावू नका आणि हातातल्या सोंगट्यांचा फोटो तर मुळीच नको.

पार्कला लागून टॉवर थिएटर, १९२६ चं. निर्वासित आल्यावर इंग्रजी सिनेमे स्पॅनिश उपशीर्षकांसह दाखवू लागलं, कितीतरी जणांनी इंग्रजी इथे शिकलं. समोर असूकार आइस्क्रीम. 'आबुएला मारिया' म्हणजे मारिया आजी नावाचा स्वाद घ्या: व्हॅनिला, पेरू, क्रीम चीज आणि मारी बिस्किटं. एका गोळ्याला सहा-सात डॉलर, या यादीतली एकमेव उधळपट्टी. मारी बिस्किट खाऊन वाढलेल्यांनी ती करावी.

१४६५ ला क्युबाओचो हे कलादालन, दिवसा जुनी क्युबन चित्रं बघत हिंडता येतं. फुटपाथवर पायाखाली कलाकारांच्या नावाचे तारे दिसतील, क्युबन गायिका सेलिया क्रूसचा तारा १९८७ चा. रंगवलेले माणसाएवढे कोंबडे जागोजागी उभे आहेत, आणि मागच्या गल्ल्यांत जिवंत कोंबडेही मोकाट. जिवंतांचे फोटो जास्त चांगले येतात.

पायरी ८: पश्चिमेकडे, स्मशान आणि व्हर्साय

दुपार उतरल्यावर पश्चिमेला जा. ३२ ॲव्हेन्यूजवळ वुडलॉन पार्क हे जुनं दफनस्थान आहे. क्युबाचे दोन राष्ट्राध्यक्ष, हेरार्दो माचादो आणि कार्लोस प्रिओ, इथे आहेत, आणि निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसाही. ज्याच्यामुळे निकाराग्वाची काही माणसं पळाली तो, आणि त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्यांमुळे पळालेली माणसंही, एकाच रस्त्यावर. प्रवेश फुकट, सावली भरपूर, आवाज कमी. मला सबंध काये ओचोवर सगळ्यात आवडलेली जागा.

तिथून दहा मिनिटांवर ३५५५ नंबरला व्हर्साय, १९७१ पासून. आतले आरसे आणि झुंबरं काचेतून बघा आणि बाहेरच्या खिडकीवर उभे राहा. क्युबात काहीही घडलं की कॅमेरे आधी इथे येतात. २५ नोव्हेंबर २०१६ ला फिडेल कॅस्ट्रो गेले, त्या रात्री लोक थाळ्या-पातेली बडवत इथेच जमले होते.

पायरी ९: संध्याकाळ

१९३५ चा बॉल अँड चेन हा बार संध्याकाळी गाजतो. पेय महाग आहे, पण बँडचा आवाज फुटपाथपर्यंत पूर्ण येतो आणि फुटपाथवर नाचणाऱ्यांना कुणी हटकत नाही. महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी व्हिएर्नेस कुल्तुरालेस असतो, रस्त्यावर चित्रं, गाणी, सगळं फुकट. तारीख जुळत असेल तर सहल त्याभोवतीच आखा. मार्चमधला काये ओचो उत्सव १९७८ पासून चालतो, १९८८ मध्ये १,१९,९८६ माणसांनी एकामागे एक कोंगा नाचत विक्रम केला. गर्दी सोसत असेल तरच जा, मला गणपतीतला लक्ष्मी रस्ता पुरतो.

अंधार पडल्यावर मुख्य रस्त्यावर एकटी फिरताना मला भीती वाटली नाही. मागच्या गल्ल्यांतून मात्र चालत गेले नाही.

माझा शेवटच्या खेपेचा दिवसाचा हिशेब, राहणं सोडून: बस-मेट्रो ५.६५, सकाळची कॉफी आणि दोन पास्तेलितो साडेसात, फ्रितांगाचा डबा १२, कोलादा अडीच, आइस्क्रीम साडेसहा, खिडकीवरचे सुटे मिळून दोन. ३६ डॉलर आणि काही सेंट. डब्यातला उरलेला भात रात्री हॉस्टेलच्या मायक्रोवेव्हमध्ये.

परतीची बस सातव्या रस्त्यावर शोधू नका. ती काये ओचोवरच, डाउनटाउनच्या दिशेने मिळते. १५ ॲव्हेन्यूच्या आसपास थांबलात तर बस येईपर्यंत सोंगट्या आपटल्याचा आवाज ऐकू येतो, पार्क बंद व्हायच्या आत गेलात तर.